औषधाआधी अभय



नवे दुकान उघडले, घरात बाळ जन्मले किंवा लग्नकार्य निघाले की तृतीयपंथी दारात येतात, टाळी वाजवून आशीर्वाद देतात आणि आपण यथाशक्ती बिदागी देतो. धायरी फाट्यापासून डीएसके विश्वपर्यंतच्या रस्त्यावर गेल्या वीस वर्षांत दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतील बहुतेक उद्घाटनांना हा प्रसंग घडलेला आहे. दिवाळीच्या पाडव्याला तर कित्येक व्यापारी त्यांच्यासाठी पाकीट आधीच वेगळे काढून ठेवतात. त्यांचा शब्द आपण शुभ मानतो. परंतु त्यांच्यापैकी कोणाला ताप आला, छातीत दुखू लागले, तर ते कोणत्या दवाखान्यात जातात, हे विचारण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. या महिन्यात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्याच्याच पोटात दुसरा, अधिक नाजूक प्रश्न आहे. ज्यांचे शरीर एक सांगते आणि अंतःकरण दुसरे, अशा व्यक्तींना त्याबाबतचे वैद्यकीय उपचार मिळवताना काय सोसावे लागते? हा प्रश्न सिग्नलवरच्या माणसांपुरता नाही. तो आपल्या घरांतही आहे, हे पुढे येईलच.

प्रथम शब्दांचा उलगडा करणे बरे. बाळ जन्मताच शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. काही व्यक्तींना वय वाढत जाते तसे ही नोंद आपली नव्हे, असे आतून सातत्याने जाणवत राहते. त्यांना पारलिंगी म्हणतात. तृतीयपंथी हा शब्द मराठीत बहुधा गुरू-चेला परंपरेने एकत्र राहणाऱ्या समाजासाठी वापरला जातो. प्रत्येक पारलिंगी व्यक्ती त्या परंपरेत जात नाही. आंतरलिंगी ही तिसरी गोष्ट. तीत जन्मतःच अवयवांची रचना, संप्रेरके किंवा गुणसूत्रे स्त्री-पुरुषांच्या नेहमीच्या साच्यात बसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा पर्याय प्रथमच होता. त्यात देशभर ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रातील आकडा ४०,८९१ होता. ज्यांनी ही गोष्ट घरातही उच्चारली नाही, ते या आकड्यात कोठून येणार?

हा आजार आहे काय, असा प्रश्न अनेक जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. याचा अर्थ असा की, ती मनाची विकृती नाही. पण काही जणांना तीमुळे तीव्र यातना होतात आणि त्यांना वैद्यकीय साहाय्य लागते, म्हणून ती वर्गीकरणातून पूर्णपणे वगळलेलीही नाही.

आता रुग्णालयाच्या दारापासून सुरुवात करू. केसपेपर काढण्याच्या खिडकीवर नाव, वय आणि लिंग विचारले जाते. आधार कार्डावर नाव पुरुषाचे, समोर उभी व्यक्ती साडीतील. खिडकीतील कर्मचारी एकदा कार्डाकडे व एकदा चेहऱ्याकडे पाहतो. पुढे बाकावर बसले की ते जुने नाव मोठ्याने पुकारले जाते आणि पन्नास माणसे वळून पाहतात. ज्यांनी बँकेच्या काउंटरवर नोकरी केली आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. सही, छायाचित्र आणि समोरची व्यक्ती यांचा मेळ बसला पाहिजे, हा आमचा पहिला नियम. तो बसला नाही की प्रामाणिक मनुष्यही क्षणभर गुन्हेगार ठरतो. रिझर्व्ह बँकेने २३ एप्रिल २०१५ रोजी सर्व बँकांना अर्जांत तिसऱ्या लिंगाचा रकाना ठेवण्याची सूचना दिली. पॅन कार्डाच्या अर्जात असा पर्याय २०१८ मध्ये आला. अर्जावर रकाना आला तरी खिडकीतील नजर बदलण्यास वेळ लागतो.

दाखल होण्याची वेळ आली तर पुरुषांच्या कक्षात ठेवावे की स्त्रियांच्या, हा दुसरा पेच. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र ३० खाटांचा कक्ष सुरू झाला, तो याच अडचणीवरील एक उपाय होता. तिसरा पेच तपासणीच्या खोलीतला. खोकला झाला म्हणून आलेल्या व्यक्तीला खोकल्यापेक्षा तिच्या गुप्तांगांविषयी अधिक प्रश्न विचारले जातात, कधी विद्यार्थ्यांना बोलावून दाखवले जाते. असा अनुभव एकदा आला की ती व्यक्ती पुढच्या वेळी दुखणे अंगावर काढते. मधुमेह, क्षय, हृदयविकार हे आजार लिंग पाहून येत नाहीत. ते उशिरा सापडतात आणि महाग पडतात.

लिंगभावाशी निगडित उपचारांचा मार्ग याहून लांब आहे. त्याचा आरंभ बहुधा मानसोपचारतज्ज्ञांपासून होतो. ते व्यक्तीशी अनेक भेटींत बोलतात. तिची जाणीव स्थिर आहे काय, सोबत नैराश्य किंवा अन्य विकार आहे काय, उपचारांचे परिणाम तिला नीट कळले आहेत काय, हे पाहतात आणि मग तसे पत्र देतात. त्यानंतर अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ संप्रेरके सुरू करतात. स्त्री म्हणून जगू इच्छिणाऱ्यांना इस्ट्रोजेन व पुरुषी संप्रेरक रोखणारे औषध. पुरुष म्हणून जगू इच्छिणाऱ्यांना टेस्टोस्टेरॉन. बदल महिन्या-महिन्याने होतात. त्यांतील काही, जसे टेस्टोस्टेरॉनने घोगरा झालेला आवाज किंवा इस्ट्रोजेनने झालेली स्तनांची वाढ, औषध थांबवले तरी परत जात नाहीत. उलट इस्ट्रोजेन घेऊन आधीच फुटलेला आवाज बारीक होत नाही. त्यासाठी वाचा-उपचार घ्यावे लागतात. अपत्याची इच्छा असेल तर त्याचा विचार औषधे सुरू करण्यापूर्वीच करावा लागतो. सर्वांनाच शस्त्रक्रिया हवी असते असे नाही. ज्यांना हवी असते त्यांना प्लास्टिक सर्जन, मूत्ररोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ अशा अनेकांची गरज पडते, आणि हे सर्व एका छताखाली क्वचितच मिळतात. पुढेही काळजी सुटत नाही. स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात शस्त्रक्रियेनंतरही प्रोस्टेट ग्रंथी राहते. पुरुष म्हणून जगणाऱ्याच्या शरीरात गर्भाशय असेल तर त्याचीही तपासणी करावी लागते. दाढी असलेला मनुष्य स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दालनाबाहेर बसला की काय होते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा मार्ग लांब, खर्चिक आणि लाजवणारा असल्यामुळे अनेक जण आडवाटेने जातात. मैत्रिणीने सांगितले म्हणून किंवा मोबाइलवर वाचले म्हणून औषधांच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून दुप्पट-तिप्पट घेणे, ही त्यांतील सर्वांत सामान्य वाट. त्या गोळ्यांतील इस्ट्रोजेन मोठ्या मात्रेत घेतले तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा आणि ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्यास तो अधिक. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तपासणीविना घेतली तर रक्तातील तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढू शकतात. म्हणूनच यकृत, रक्त, चरबी यांच्या नियमित चाचण्या आवश्यक असतात. परंपरेतील ‘निर्वाण’ हा विधी, म्हणजे डॉक्टरांविना केलेला अवयवच्छेद, तर रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि मूत्रमार्ग आकुंचित होणे यांमुळे जिवावर बेतणारा आहे. शास्त्रशुद्ध उपचारांचे दार जितके अवघड, तितकी ही धोक्याची दारे अधिक मोकळी.

येथे एक घटना सांगणे आवश्यक वाटते. संबंधित कुटुंबाच्या संमतीने व ओळख पटू नये एवढे तपशील बदलून ती सांगत आहे. निवृत्तीनंतर ओळखीची मंडळी विमा, ठेवी, वारसनोंद यांचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. असेच एक व्यापारी गृहस्थ एका संध्याकाळी मेडिक्लेमची फाइल घेऊन आले. म्हणाले, “साहेब, मित्राच्या घरचा विषय आहे. लिंगबदलाचा खर्च यात बसतो का, तेवढं पाहून सांगा.”

मी पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान काढून त्यांना दाखवले. तसा खर्च मिळणार नाही, असे तेथे स्पष्ट छापलेले होते. त्यांनी चष्मा लावून ते स्वतः दोनदा वाचले. फाइल बंद केली. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, मित्र वगैरे कोणी नाही. आमचंच लेकरू आहे.”

लेकरू चोवीस वर्षांचे. वाणिज्य शाखेचे पदवीधर, दुकानाचे हिशेब सांभाळणारे. जन्मनोंद मुलाची, स्वतःला मात्र शाळेच्या वयापासून मुलगी मानणारे. आठ महिने गोळ्या चालू होत्या. औषधविक्रेत्याने ओळखू नये म्हणून दर वेळी दुकान बदलले जात होते. एके दिवशी पोटरी सुजली आणि तेव्हा घरात कळले. वडिलांनी विचारले, आपले फॅमिली डॉक्टर खालच्याच मजल्यावर बसतात, त्यांच्याकडे का गेला नाहीस? उत्तर मिळाले, “ते तुम्हाला सांगतील, पप्पा. आणि तुम्हाला कळायच्या आधी सगळ्या समाजाला कळेल.”

मी त्यांना विम्याचा विषय बाजूला ठेवून प्रथम पायाची तपासणी करून घेण्यास सांगितले. डॉपलर तपासणीत सुदैवाने गुठळी निघाली नाही. गोळ्या थांबल्या. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे भेटी चालू आहेत. आई सोबत आत जाते. वडील गाडी चालवत नेतात आणि बाहेर गाडीतच बसून राहतात. त्या घरातील प्रश्न सुटला आहे, असे मी म्हणणार नाही. पण लेकरू घरात आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे.

या घटनेत दवाखाना दूर नव्हता, पैशांची ददात नव्हती, डॉक्टरही सज्जन होते. अडसर होता तो भीतीचा, आणि ती भीती आपण सर्वांनी मिळून निर्माण केलेली होती.

विम्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण व्यापारी कुटुंबांत मेडिक्लेम प्रत्येक घरी असतो आणि त्यातील बारीक अक्षरे फारसे कोणी वाचत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातून वगळायच्या बाबींची भाषा प्रमाणित केली. त्या यादीत सातव्या क्रमांकाच्या संकेतांकाखाली शरीराची वैशिष्ट्ये विरुद्ध लिंगाप्रमाणे बदलण्यासाठीचे उपचार, शस्त्रक्रियेसह, हा मजकूर आहे. आपली पॉलिसी काढून पाहिल्यास बहुधा तो आढळेल. त्याच वर्षी संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्करक्षणाचा कायदा संमत केला. तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम १५ मध्ये शासनाने संप्रेरक उपचार, शस्त्रक्रिया, आधी व नंतरचे समुपदेशन यांची सोय करावी, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार करावा आणि या खर्चासाठी सर्वंकष विमा योजना आणावी, असे म्हटले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय विभाग यांच्यात करार होऊन आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींसाठी वार्षिक ५ लाख रुपयांच्या संरक्षणाची तरतूद जाहीर झाली. तिच्यात संप्रेरके व शस्त्रक्रियाही अंतर्भूत आहेत. मात्र त्यासाठी पारलिंगी असल्याचे शासकीय ओळख प्रमाणपत्र लागते. म्हणजे एका कागदाने नाकारलेले दुसऱ्या कागदाने देऊ केले, पण दुसऱ्या कागदापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःची ओळख सरकारदरबारी नोंदवावी लागते. ज्याने ती आईलाही सांगितलेली नाही, तो जिल्हाधिकाऱ्यांना कशी सांगणार?

कागद, नोकरी आणि रुग्णालय यांची ही गाठ किती अवघड असते, हे आपल्याच राज्यातील बीड जिल्ह्याच्या पोलीस दलातील ललित साळवे यांच्या प्रकरणाने दाखवले. माजलगाव तालुक्यातील हे शिपाई महिला म्हणून भरती झाले होते. वैद्यकीय चाचण्यांत त्यांच्या शरीरात पुरुषाचे ‘वाय’ गुणसूत्र आढळले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिल्यावर २०१७ मध्ये त्यांनी रजा मागितली, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो नियमांचा. पोलीस भरतीत स्त्री व पुरुष यांचे शारीरिक निकष वेगळे; मग महिला म्हणून भरती झालेली व्यक्ती पुरुष म्हणून सेवेत कशी राहणार? परवानगी नाकारली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. अखेरीस मे २०१८ मध्ये राज्य शासनाने परवानगी दिली आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली; पुढच्या २०२० पर्यंत झाल्या. साळवे पोलीस सेवेत राहिले, त्यांनी २०२० मध्ये विवाह केला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या घरी पुत्रजन्म झाल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. गुणसूत्रांच्या अहवालामुळे त्यांची गोष्ट इतर अनेक पारलिंगी व्यक्तींहून वेगळी आहे, हे खरे. पण हाती वैद्यकीय अहवाल असलेल्या, शासकीय सेवेतील मनुष्याला एका रजेसाठी आठ-नऊ महिने झगडावे लागले, तर किराणा दुकानातील नोकराने किंवा घरातील लाजऱ्या मुलीने कोणाकडे दाद मागावी?

आता आई-वडिलांच्या बाजूचा विचार. वाचकांपैकी अनेक जण म्हणतील, मूल असे काही म्हणाले तर आम्ही लगेच हो म्हणायचे काय? येथे वयाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत जगभरचे डॉक्टरही सावध आहेत. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या अध्यक्षतेखालील समीक्षेचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. वयात येणे रोखणाऱ्या औषधांचा पुरावा अपुरा असल्याचे सांगून त्याने मुलांच्या बाबतीत मोठ्या सावधगिरीची शिफारस केली. म्हणून लहान वयात घाई नको, पण दुर्लक्षही नको; चांगल्या बालमानसोपचारतज्ज्ञांची भेट आणि घरातील मोकळे बोलणे हाच मार्ग. सज्ञान व्यक्तीची बाब निराळी. २०१२ मध्ये आसामहून मुंबईत आलेल्या एकवीस वर्षांच्या स्वाती बरुआ यांची ठरलेली शस्त्रक्रिया पालकांच्या विरोधामुळे रुग्णालयाने थांबवली. त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि मे महिन्यात न्यायालयाने स्पष्ट केले की सज्ञान व्यक्तीस अशी शस्त्रक्रिया करून घेण्यास कायद्याचा कोणताही अडथळा नाही. पुढे २०१८ मध्ये त्याच स्वाती बरुआ गुवाहाटी येथे लोकअदालतीत न्यायदानासाठी बसल्या. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही आपला लिंगभाव कोणता हे ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला होता. त्या प्रकरणातील अर्जदारांमध्ये पुण्यात वाढलेल्या आणि तरुण वयात घर सोडावे लागलेल्या श्रीगौरी सावंत होत्या. त्यांचे वडील पोलीस अधिकारी होते. प्रतिष्ठित घरातील मूल बाहेर पडते तेव्हा प्रतिष्ठा घरात राहते आणि मूल रस्त्यावर, एवढेच होते.

घाबरलेली कुटुंबे बहुधा दोन उपाय करतात. पहिला, बाबा-बुवा किंवा ‘सरळ करून देतो’ म्हणणारा वैद्य. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा तथाकथित परिवर्तन उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे; असा दावा करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते. दुसरा उपाय अधिक घातक आहे: लग्न. परिचय मेळाव्यात नाव नोंदवायचे, सहा महिन्यांत बार उडवायचा, मग सगळे ठीक होईल. ठीक होत नाही. काही न जाणणारी दुसऱ्या घरची मुलगी किंवा मुलगा त्यात भरडला जातो. जोखीम माहीत असताना ती लपवून समोरच्याची सही घेणे याला व्यवहारात फसवणूक म्हणतात. लग्नात त्याला दुसरे नाव देता येत नाही.

आपल्या धर्मात याविषयी काय सांगितले आहे, हा प्रश्न या मासिकाच्या वाचकांना पडणारच. मी पंडित नाही. स्वाध्यायात जे वाचले ते नम्रपणे मांडतो. जैन कर्मसिद्धांतात शरीराची रचना नामकर्माच्या उदयाने आणि अंतरीचा वेद, म्हणजे स्त्रीवेद, पुरुषवेद वा नपुंसकवेद, मोहनीय कर्माच्या उदयाने मानला आहे. पहिला द्रव्यवेद, दुसरा भाववेद. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी गोम्मटसार जीवकांडात सांगितले आहे की, हे दोन्ही बहुधा जुळतात, पण कोठे कोठे जुळत नाहीत. शास्त्रातील वेद मुख्यतः कामभावाशी संबंधित आहे. तो आणि आजच्या वैद्यकातील लिंगभाव एकच आहेत, असे म्हणणे बरोबर होणार नाही. दीक्षेच्या नियमांत नपुंसकास अपात्र मानले गेले, हेही लपवण्याचे कारण नाही. त्याच वेळी श्वेतांबर परंपरेत सिद्धांचे जे पंधरा भेद सांगितले आहेत, त्यांत नपुंसकलिंग सिद्धांचाही समावेश आहे, हेही विसरू नये. शरीर आणि अंतरंग यांत अंतर असू शकते, ही गोष्ट आपल्या आचार्यांना हजार वर्षांपूर्वी अपरिचित नव्हती, एवढे तरी यातून निश्चित होते. कर्माचा उदय ज्याला भोगावा लागतो त्याला हसण्याचा अधिकार शास्त्राने आपल्याला कोठेही दिलेला नाही.

उलट ज्या नऊ नोकषायांत हे तीन वेद येतात, त्यांतच जुगुप्साही आहे. म्हणजे दुसऱ्याला पाहून आपल्या मनात उठणारी किळस हाही मोहनीय कर्माचाच उदय. त्याच्याकडे बोट दाखवताना आपला हिशेबही त्याच पानावर लिहिला जातो. सम्यक्त्वाच्या आठ अंगांपैकी निर्विचिकित्सा हे तिसरे अंग. त्याचे उदाहरण म्हणून राजा उद्दायनाची कथा लहानपणी सर्वांनी ऐकली आहे. रोगग्रस्त मुनींनी अंगावर वमन केले तरी राजाने नाक मुरडले नाही, स्वतःच्या हातांनी सेवा केली. चार दानांत आपण आहार, औषध, शास्त्र व अभय मोजतो. औषधदानात आपला समाज कधी मागे राहिला नाही. सवलतीचे दवाखाने, तपासणी केंद्रे, नेत्रशिबिरे गावोगावी आहेत. सूत्रकृतांगात मात्र सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ म्हटले आहे. आजच्या विषयात या दोन दानांचा क्रमच ठरतो. भीती असेल तोवर औषध ठेवलेल्या दारापर्यंत रुग्ण येतच नाही.

म्हणून आपल्या संस्थांच्या विश्वस्तांपुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. यांतील एकीलाही मोठा निधी लागत नाही. नोंदणीच्या अर्जात तिसरा रकाना आणि ‘आपल्याला कोणत्या नावाने हाक मारावी’ ही एक ओळ वाढवावी. रुग्णाला नावाऐवजी टोकन क्रमांकाने बोलवावे. ही सोय बँकेत आहे, दवाखान्यात का नसावी? एक स्वच्छतागृह सर्वांसाठी मोकळे ठेवावे. रुग्णाची माहिती त्याच्या वडिलांना, काकांना किंवा विश्वस्तांनाही द्यायची नाही, हे खिडकीवरील कर्मचाऱ्यापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना लेखी सांगावे. धायरीहून ससूनपर्यंत सिंहगड रस्त्याने जाऊन यायचे तर कामाचा निम्मा दिवस जातो. रक्ताच्या नियमित चाचण्या जवळच्या केंद्रात सवलतीत आणि मानाने झाल्या तर उपचार मध्येच सुटणार नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ व अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ यांची नावे आपल्या केंद्रात तयार असावीत. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने या विषयावर अनेक वर्षे मराठीतून काम व लेखन केले आहे. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी अशा जाणकारांना बोलावता येईल. ज्यांच्या पेढीची सामूहिक विमा पॉलिसी आहे, त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी ते वगळण्याचे कलम काढून मिळते काय, हे विचारावे. विचारणारे ग्राहक वाढले की विमा कंपन्या उत्तर शोधतात.

आणि घरासाठी एकच विनंती. मुलाने किंवा मुलीने असे काही सांगितले, तर त्या दिवशी निर्णय देऊ नका. जेवायला बसवा. कोणती औषधे चालू आहेत काय, एवढे शांतपणे विचारा आणि असतील तर तपासणीला सोबत जा. मत नंतर मांडता येते, वादही नंतर घालता येतो. त्यासाठी लेकरू घरात आणि धडधाकट असले पाहिजे.

येत्या पर्युषणात आपण सर्व जीवांची क्षमा मागू. त्यात चौरासी लक्ष योनींतील जीव येतात. पाडव्याला ज्यांच्या हाती पाकीट ठेवतो ते, आणि शेजारच्या खोलीत दार लावून बसलेले आपले मूल, हेही त्यांत आले. त्यापूर्वी आपल्या गावच्या दवाखान्याच्या विश्वस्तांना वरील यादी एकदा वाचून दाखवावी, ही प्रार्थना.

जय जिनेंद्र.